चार नंबरची पिल्लं पाव खातात का?

दिवस शून्य

अंडी एकाच संध्याकाळची, एकाच हौदातल्या त्सिपुरा जातीच्या माशांच्या माद्यांनी घातलेली. आम्ही ती मापाने सहा टाक्यांत वाटली. एक, दोन, तीन, पाच, सहा यांचं पाणी वीस अंशांवर ठेवलं आणि चारचं अठरावर.

हे दोन अंश मी वर्षभर भांडून मिळवले होते. आमचा मॅनेजर कीर-थ्रासोस, म्हणजे थ्रासोससाहेब, याचं मत्स्यशास्त्र तीन शब्दांचं आहे: गरम पाणी, लवकर मासा. माझं म्हणणं एवढंच, की पिल्लू घाईत वाढलं की हाडं मागे राहतात. निवडणीच्या टेबलावर शंभरातली दहाबारा वाकड्या पाठीची निघतात आणि टोपलीत जातात. हळू वाढवलं तर पाठी सरळ राहतील.

"एक टाकी घे, असिमिना," शेवटी तो म्हणाला. "एकच. आणि ती मागे पडली, तर निवृत्तीपर्यंत या विषयावर तुझं तोंड बंद."

"तुमच्या निवृत्तीपर्यंत की माझ्या?"

"जी उशिरा येईल ती."

दिवस चौथा

तोंड उघडलं. (त्यांचं. माझं उघडंच होतं.)

चौथ्या दिवसापर्यंत पिल्लाला तोंड नसतं. पोटाला बांधलेली बलकाची शिदोरी संपत येते, तेव्हा तोंड फुटतं आणि मग चोवीस तास खाखा. पाच टाक्यांत तोंडं सकाळी उघडली. चारमध्ये दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाच्या वेळेला.

"तुझ्यावर गेलीत," कीर-थ्रासोस म्हणाला.

दिवस आठवा, तेल

गारुफालिया आमच्याकडे तीस वर्षं पिल्लांचा खुराक वाढवते. डोळ्यांना दिसत नाहीत असे पाणकिडे ती बादल्यांतून असे पोसते, की तिच्या घरच्या कोंबड्यांना हेवा वाटावा. कीर-थ्रासोसच्या बाप्तिस्म्याला ती हजर होती आणि हे ती त्याला विसरू देत नाही.

त्या दिवशी ती चार नंबरच्या काठाशी उभी होती. हातात तेलाची कुपी.

"गारुफालिया! काय करतेस?"

"दृष्ट बघते. पाण्यात थेंब टाकायचा. तरंगला तर ठीक, पसरला तर लागली."

"ते बशीत बघतात!"

"पन्नास हजार जणांना पन्नास हजार बशा कुठून आणू, पोरी? ज्यांना लागली त्यांच्याच पाण्यात बघते."

मी कुपी हिसकावून घेतली. आठवा दिवस हा तेलाला सगळ्यांत वाईट दिवस. याच सुमाराला प्रत्येक पिल्लू आयुष्यात एकदा पाण्याच्या वर येतं, हवेचा एक घोट गिळतं आणि त्या घोटाने त्याच्या पोटातला फुगा भरतो. वर तेलाचा तवंग असला तर नाक आपटून परत जातं. फुगा नाही भरला तर पुढे जन्मभर पोहायची कसरत. तवंग गोळा करायला आम्ही प्रत्येक टाकीवर पंखा लावून ठेवतो, आणि ही बाई वरून तेल ओतणार होती.

"तेल नाही," मी म्हणाले. "कुठल्याही परिस्थितीत नाही."

"मग यांना उघड्यावर टाकू? येणारा-जाणारा वाकून बघतो. परवा तो पंपवाला म्हणाला, 'किती नाजूक आहेत!' आणि सरळ निघून गेला. थुंकला नाही!"

आमच्याकडे बाळाचं कौतुक केलं, की कौतुक करणाऱ्यानेच तीनदा थुंकायचं असतं, आपलीच नजर लागू नये म्हणून. बाकीचे नुसता आवाज काढतात. गारुफालिया जुन्या शाळेतली आहे. शिवाय तिच्या पुढच्या दातांची कवळी सैल आहे.

"तू थुंक," मी म्हणाले. "थुंकी चालेल. तेल नको."

टाकी चार हजार लिटरची. तीन थेंबांनी काय होतंय, असा मी विचार केला. रसायनशास्त्रात माझी पदवी आहे. भिंतीवर टांगलेलीसुद्धा आहे.

दिवस अठरावा

बाकीची सात मिलिमीटर. चारची पाच.

कीर-थ्रासोसने खडू घेतला आणि टाकीच्या पोटावर मोठ्ठा ३० लिहिला.

"तिसाव्या दिवशी लाव्राकी माशाची अंडी येतायत. मला एक टाकी रिकामी हवी. कुठली ते आता ठरवायला नको."

"लहान आहेत म्हणजे वाईट आहेत असं नाही. थंड पाण्यात आहेत."

"किंवा खात नाहीत. उपाशी पोरही लहानच दिसतं."

हे मात्र बरोबर होतं, आणि ते त्याला सुचलं याचा मला राग आला. नुसतं मापून हे कळत नाही. हळू वाढणारं पिल्लू आणि कुपोषित पिल्लू पट्टीवर सारखंच. फरक अंगातल्या रसायनात असतो.

मी त्याला समजावलं, त्याच्या भाषेत. प्रत्येक पेशीत डीएनए असतं, तो घराचा नकाशा. नकाशा तेवढाच राहतो. आरएनए म्हणजे मजूर. खायला मिळालं की मजूर वाढतात, उपास पडला की घरी जातात. नकाशामागे मजूर किती ते मोजलं की कळतं, बांधकाम चालू आहे की थांबलंय.

"शहरातल्या प्रयोगशाळेत मोजून देतात," मी म्हणाले. "मजूर असतील तर टाकी राहील?"

"असतील तर राहील. नसतील तर व्हॉल्व्ह मी स्वतः उघडीन, आणि तू बघत उभी राहशील."

"कबूल."

दिवस एकोणिसावा, नमुने

प्रत्येक टाकीतली चाळीस पिल्लं. चाळणीवर धुवायची, बशीत घ्यायची, सूक्ष्मदर्शकाखाली मापायची, नळीत भरायची, गोठवायची. एक, दोन, तीन झाल्या. चार नंबरची बशी काचेवर ठेवली आणि गारुफालिया हात पुसत मागे आली.

"बघू."

तिने डोळा लावला. पाच मिलिमीटरचं काचेचं पिल्लू, आत चमकणारा फुगा, दोन काळे डोळे. कितीही वेळा बघितलं तरी बघणारा आधी श्वास धरतो.

"अगं बाई," ती पुटपुटली. "डोळे बघ. कशी देखणी आहेत! फ्तू, फ्तू, फ्तू."

मी वहीत लांबी लिहीत होते.

दिवस चोविसावा, फोन

मी टोस्ट खात होते.

"चार नंबरचा अहवाल," प्रयोगशाळेतला माणूस म्हणाला. "तुम्ही बसलेल्या आहात का?"

"उभी आहे. बोला."

"बाकी पाच टाक्या उत्तम. चारमध्ये आरएनए जवळजवळ नाहीच. माझ्या हिशेबाने ही पिल्लं उपाशी नाहीत, मेलेली आहेत."

मी खिडकीतून टाकीकडे बघितलं. मेलेली पिल्लं जोरात पोहत होती.

"आणि आणखी एक. विचारू का नको असं होतंय."

"विचारा."

"तुमची चार नंबरची पिल्लं पाव खातात का?"

"काय?"

"पीठ पचवणारं रसायन असतं ना, अमायलेज. ते माशाच्या पिल्लात थोडंसं असतं. तुमच्या चार नंबरमध्ये इतकं आहे, की त्यांचा जन्म बेकरीत व्हायला हवा होता. बाकीच्यांच्या तीनशे पट. मी यंत्र दोनदा धुतलं. बायकोलाही सांगितलं. ती म्हणाली, झोप नीट घे."

तोंडातला टोस्ट विचारात पडून मी चघळतच राहिले होते. तो गोड लागायला लागला. पाव खूप वेळ चावला की गोड लागतो, हे शाळेत शिकवतात. तोंडातली लाळ पिठाची साखर करते. लाळेतलं...

मी टोस्ट खाली ठेवला.

"लाळेत अमायलेज असतं," मी म्हणाले.

"भरपूर. पण माशाला लाळ नसते, मॅडम."

"आणि लाळेत आरएनए खाऊन टाकणारंही काहीतरी असतं ना?"

"असतं. थेंबभर लाळ पडली तर नमुन्यातलं आरएनए..." तो थांबला. "तुमच्याकडे नमुन्यांवर कोण थुंकतं?"

"प्रेमाने," मी म्हणाले. "प्रेमाने थुंकतात."

त्याच दिवशी, दहा मिनिटांनी

कागद माझ्याआधी कीर-थ्रासोसच्या टेबलावर पोचला होता. त्याने एकच शब्द वाचला: मृत. मी पोचले तेव्हा तो बाही दुमडत चार नंबरकडे निघाला होता.

"थांबा! नमुना बिघडलाय. गारुफालिया त्यावर थुंकली."

तो थांबला. मग वळला.

"कोणावर?"

"चाळीस पिल्लांवर. बशीत. त्यांची नजर काढायला. तिच्या थुंकीने मजूर खाल्ले आणि पाव पचवायचं रसायन आत सोडलं. म्हणूनच आकडे असे आलेत."

"गारुफालिया!"

ती बादली घेऊन आली. त्याने अहवालावर बोट ठेवलं. "तू थुंकलीस?"

"थुंकले तर! तूही जन्मलास तेव्हा थुंकले होते. नाहीतर बघ, काय झालं असतं. आत्ताच केवढासा राहिलायस."

"या कागदाच्या हिशेबाने, तुझ्या थुंकीने पिल्लं मेली."

"मेली? मग ती काय नाचतायत?"

कीर-थ्रासोसने टाकीत डोकावून बघितलं. तो बाही सोडवत म्हणाला, "पुन्हा नमुना पाठवा. पण तिसाव्या दिवशी सकाळी आठला व्हॉल्व्ह उघडणार. अहवाल आला तर वाचीन. नाही आला तर नाही."

संध्याकाळी फलकावर त्याच्या अक्षरात एक चिठ्ठी लागली:

*नमुन्यांवर थुंकू नये.*

खाली कोणीतरी पेन्सिलीने लिहिलं: *टाकीत चालेल का?*

त्याखाली लाल शाईत: *टाकीतही नाही.*

त्याखाली पुन्हा पेन्सिल: *मग काही झालं तर जबाबदार कोण?*

दिवस पंचविसावा, सकाळ

गारुफालियाला मी मुखपट्टी दिली. तिने ती घोड्याच्या तोंडाला लगाम लावावा तशी हातात धरली.

"म्हणजे मी बघायचं आणि थुंकायचं नाही? मग लागणारच! माझी नजर जड आहे, पोरी. नवऱ्याची मोटरसायकल माझ्या नजरेनेच गेली."

"मग बघूच नकोस."

"आणि तू? तू बघणार ना? तुलाही आवडतात ती. चेहऱ्यावर दिसतं."

ती दारात उभी राहिली आणि हटेना. दार अडलेलं, बर्फ वितळतोय, शहराची बस साडेदहाला. मी मावशीचं आठवून म्हणाले, "कौतुक न करता बघितलं तर? शिव्या देत बघितलं तर?"

ती विचारात पडली. हे तिच्या शास्त्रात बसत होतं. माझ्या सख्ख्या मावशीने तिच्या मुलाला चार वर्षांचा होईपर्यंत 'माकडा'शिवाय दुसऱ्या नावाने हाक मारली नाही, आणि तो आज सहा फूट आहे.

"चालेल," ती म्हणाली. "पण मनापासून हव्यात. लुटुपुटूच्या नकोत."

मी बशी ठेवली, डोळा लावला. "शी," मी म्हणाले. "काय ही रूपं."

"हे काय? हे तर लग्नात नवरीच्या मैत्रिणी बोलतात. जोरात बोल!"

"मला नाही येत ग."

"तू थांब." तिने कॉरिडॉरमध्ये मान काढली. "थ्रासो! ए थ्रासो! इकडे ये. तुला जमतं."

कीर-थ्रासोस आला. काय हवंय ते ऐकून त्याने दोघींकडे असं बघितलं, जणू आम्ही दोघी मिळून त्याची पेन्शन खाल्ली आहे.

"मी मॅनेजर आहे."

"म्हणूनच तर. रोज देतोस. आज दोन मिनिटं इथे दे."

तो सूक्ष्मदर्शकावर वाकला. भिंग नीट केलं. मी पेन उचललं. मग सुरू झाला.

नमुना-पत्रक. टाकी ४, दिवस २५, रकाना "निरीक्षण"

क्र. १: लांबी ६.१. "हे काय, मासा आहे की पापणीचा केस?"

क्र. २: लांबी ५.९. "याच्यापेक्षा माझ्या सुपात जास्त मासा असतो."

क्र. ५: लांबी ६.३. "डोळेच डोळे. वित्त खात्यात जाईल."

क्र. ९: लांबी ६.०. "पोट बघ! ऐतखाऊ! खातोय आणि वाढत नाहीये! माझा मेहुणा!"

क्र. १०: "हाही मेहुणा." लांबी राहिली.

क्र. १४: लांबी ६.२. (गारुफालिया, मुखपट्टीतून: "फारच छान देतोस रे." कीर-थ्रासोस: "गप्प बस, कौतुक करू नकोस.")

क्र. २२ ते ३१: शिव्या लिहिण्याजोग्या नाहीत. लांबी ५.८ ते ६.४.

क्र. ४०: लांबी ६.५. तो बघतच राहिला. गारुफालियाने त्याच्या पाठीत कोपर मारलं. "...कुरूप," तो म्हणाला.

क्र. ९ बद्दल

शिवी देताना तो बरोबर तेच बोलला होता जे मी आठवडाभर सांगत होते. पोट भरलेलं आहे. खातंय. पोटातला खुराक आरपार दिसत होता, नारिंगी. मी त्याला तेव्हा हे दाखवून दिलं नाही. तो चिडला असता, आणि मग क्र. १० च्या पुढे गेला नसता.

नळ्या साडेदहाच्या बसने गेल्या. डब्यावर मी लिहिलं: *यांवर कोणीही थुंकलेलं नाही.* बसच्या ड्रायव्हरने डबा मांडीपासून लांब ठेवला.

दिवस सव्विसावा ते एकोणतिसावा

काही झालं नाही. हे चार दिवस मी संडासातही फोन घेऊन गेले.

दिवस तिसावा, पावणेआठ

लाव्राकीची अंडी घेऊन गाडी फाटकाशी आली होती. कीर-थ्रासोसने टाकीखालच्या व्हॉल्व्हशी स्टूल मांडलं आणि त्यावर बसला. गारुफालिया समोर, हात कमरेवर. मी फोन हातात धरून.

"आठला पाच मिनिटं," तो म्हणाला.

"तुझं घड्याळ पुढे आहे," गारुफालिया म्हणाली.

"भिंतीवरच्या घड्याळाने सांगतोय."

"भिंतही पुढे आहे."

त्याने व्हॉल्व्हच्या चाकावर हात ठेवला. उघडला असता तर पाणी जाळीतून गटारात आणि गटारातून खाडीत गेलं असतं. खाडीत माझ्या पिल्लांसाठी शहाण्या, मोठ्या, अजिबात हळू न वाढणाऱ्या माशांची रांग लागलेली असते.

फोन वाजला. मी आवाज मोठा केला.

"मॅडम, बेकरी बंद झाली," प्रयोगशाळेतला माणूस म्हणाला. "अमायलेज नेहमीइतकं. आरएनए..."

"आकडा मला नको," कीर-थ्रासोस ओरडला. "मजूर आहेत की नाहीत?"

"कोण बोलतंय?"

"व्हॉल्व्ह बोलतोय!"

"आहेत. बाकी टाक्यांइतकेच. किंचित जास्तच. ही पिल्लं लहान आहेत, पण बांधकाम जोरात चालू आहे. उपाशी कोणी नाही."

कीर-थ्रासोसचा हात चाकावरच राहिला. मला वाटलं, आता काहीतरी तिसरंच काढेल. त्याने चाक थोडंसं फिरवलं. तो ते घट्ट करत होता. वर्षभर थेंबथेंब गळत होतं.

"लाव्राकी पाचमध्ये जाईल," तो उठत म्हणाला. "पाचमधली पिल्लं सहात हलवा." मग माझ्याकडे बोट. "आणि तू. जिंकलीस ना? बाकीची ईस्टरच्या आधी कोरड्या खुराकावर येतील, त्यांना यंत्र भरवेल. तुझी हळूबाई अजून दहा दिवस जिवंत खुराकच मागणार. दर तीन तासांनी. ईस्टरच्या रविवारीही. मी कोणाला सुट्टीतून बोलावणार नाही."

"मी थांबते ना," गारुफालिया म्हणाली.

"तू नाही. तू थुंकशील."

दिवस तिसावा, सव्वाआठ. आईला फोन

"ईस्टरला येत नाहीये, आई."

"काय झालं? आजारी आहेस?"

"नाही. इथे पोरांना भरवायचंय. दुसरं कोणी नाही."

"कोणाची पोरं?"

"त्सिपुराची."

"त्यांना आई नाही?"

"आहे. अंडी घातली आणि निघून गेली."

"हं. आजकालच्या." मागे भावाचा आवाज, ईस्टरच्या जेवणाचं कोकरू कुठून आणायचं यावर भांडण. "तुझ्या भावाला पाठवते तिकडे गाडी घेऊन. जेवण इथून येईल. तू एकटी काय खाणार? किती जण आहात म्हणालीस?"

"मी आणि पन्नास हजार."

"केवढे आहेत?"

"नखाएवढे."

तिने फोनवर हात ठेवून भावाला काहीतरी विचारलं. मग परत आली.

"मग एक कोकरू पुरेल," ती म्हणाली.